अर्धी वाट पाणी, अर्धी वाट वाळू
मुंबई–रियाध अंतराचा इतिहास

मुंबई ते रियाध अंतर किती, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला गावाकडे कोणी ना कोणी विचारलेला असतो. आपण उत्तर देतो, ‘चार तास.’ अंतर विचारले तर वेळ सांगायची ही सवय आपल्याला विमानाने लावली. पण या दोन शहरांमधला वेळ कायम चार तासांचा नव्हता. तो कधी चार महिने होता, कधी दोन-तीन आठवडे होता, आणि अगदी अलीकडे, २०२१ मध्ये, तो पुन्हा आठवड्यांवर गेला होता. किलोमीटर मात्र तेवढेच राहिले. मग वेळ कशाने बदलला? या लेखात त्याचाच मागोवा घ्यायचा आहे.

नकाशावरची रेघ

आधी किलोमीटर पाहू. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि रियाधचा किंग खालिद विमानतळ यांच्यामध्ये पृथ्वीच्या गोलावरून सर्वांत जवळची रेघ ओढली, तर ती सुमारे २,७७० किलोमीटर भरते. सागरी मैलांत सांगायचे तर साधारण १,५०० मैल. विमान अगदी या रेघेवरून जात नाही. त्याला आखून दिलेले हवाई मार्ग असतात आणि थोडे वळण पडते. तरी अंदाजाला ही रेघ पुरेशी आहे.

या रेघेची एक गंमत आहे. तिचा बरोबर मध्यबिंदू काढला तर तो ओमानच्या रास अल-हद्द या टोकाजवळ, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्रात पडतो. रास अल-हद्द म्हणजे अरबस्तानचे सर्वांत पूर्वेकडचे टोक. म्हणजे मुंबईहून निघाल्यावर बरोबर अर्धी वाट अरबी समुद्र आणि उरलेली अर्धी वाट जमीन. जमीन म्हणजे ओमानचे डोंगर ओलांडल्यावर रुब अल-खालीच्या उत्तर कडेची वाळू. खिडकीशी बसलेल्या माणसाला पहिले दोन तास खाली काही दिसत नाही आणि पुढचे दोन तास एकच रंग दिसतो, त्याचे कारण हेच.

अर्धे पाणी आणि अर्धी वाळू ही विभागणी लक्षात ठेवावी. विमान येण्याआधी प्रवासाचे हे दोन तुकडे अगदी वेगळे होते. त्यांना वेगळी वाहने लागत, वेगळी माणसे लागत आणि वेगळे ऋतू लागत.

१८१९ : चार महिने

मुंबईहून निघून आजच्या रियाधच्या परिसरात पोचलेल्या एका प्रवाशाची तारीखवार नोंद आपल्याकडे आहे. त्याचे नाव कॅप्टन जॉर्ज फॉर्स्टर सॅडलियर, इंग्रजांच्या ४७ व्या पलटणीचा अधिकारी.

काळ आपल्या ओळखीचा आहे. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण गेला आणि पेशवाई संपली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इब्राहिम पाशाच्या इजिप्शियन फौजेने दिरिया जिंकून पहिले सौदी राज्य संपवले. दिरिया म्हणजे आज रियाधला चिकटलेले, आपण सुटीच्या संध्याकाळी फिरायला जातो ते ठिकाण. या विजयाबद्दल पाशाचे अभिनंदन करावे, त्याला मानाची तलवार द्यावी आणि आखातातल्या चाचेगिरीविरुद्ध त्याची मदत मिळते का ते पाहावे, म्हणून कंपनी सरकारने सॅडलियरला पाठवले.

तो एप्रिल १८१९ मध्ये मुंबईहून जहाजाने निघाला. मस्कत, बुशायर असे करत जूनमध्ये कतीफला उतरला. तिथपर्यंतची पाण्याची वाट त्याला सुमारे दोन महिने पडली. पुढे वाळू. उंट मिळवायचे, टोळ्यांशी बोलणी करायची, होफूफला थांबायचे, पाशाच्या परतणाऱ्या सैन्याची सोबत मिळते का पाहायचे. ऑगस्टमध्ये तो मनफूहाला आणि तिथून दिरियाला आला. मनफूहा आज बत्ह्याच्या दक्षिणेला, रियाधच्या पोटात आहे. मुंबईपासून इथवर चार महिने लागले.

आणि इथे आल्यावर काय? दिरिया उद्ध्वस्त होते, आणि ज्याला तलवार द्यायची तो पाशा केव्हाच पश्चिमेकडे निघून गेला होता. सॅडलियर त्याच्या मागे मागे गेला आणि सप्टेंबरमध्ये तांबड्या समुद्रावर यंबूला पोचला. अरबस्तान या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडणारा पहिला युरोपीय म्हणून त्याचे नाव राहिले. मुंबईला परत यायला त्याला १८२० उजाडले. त्याची रोजनिशी पुढे १८६६ मध्ये मुंबईतच, भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापली गेली.

सॅडलियरला सरकारचा पाठिंबा होता, पैसा होता, पत्रे होती. तरीही त्याचे कितीतरी दिवस वाट पाहण्यात गेले. उंटवाले येईनात, परवानगी मिळेना, सोबत सापडेना. चालण्यापेक्षा थांबणे जास्त. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

वारा, वाफ आणि उंट

सॅडलियरसारखे क्वचित कोणी नज्दपर्यंत येई. पण मुंबई आणि अरबी किनारा यांची ये-जा त्याआधीपासून सतत चालू होती. नज्दचे घोडे कुवेत आणि बसऱ्याहून जहाजात चढत आणि मुंबईच्या तबेल्यांत उतरत. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. जेद्दाच्या अलीरझा घराण्यातले मुहम्मद अली झैनल, ज्यांनी १९०५ मध्ये जेद्दात अल-फलाह शाळा काढली, ते मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईत राहिले होते. अरबस्तानातल्या एका नामांकित शाळेचा खर्च मुंबईच्या मोतीबाजारातल्या कमाईतून झाला आहे, हे इथे फार कमी मराठी माणसांना ठाऊक असते.

शिडाच्या जहाजांचे वेळापत्रक वाऱ्याच्या हाती होते. थंडीत ईशान्येकडून वारा सुटला की आपल्या किनाऱ्यावरून अरबस्तानकडे जायचे आणि वारा फिरला की परतायचे. ऐन पावसाळ्यात समुद्र बंद. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून होड्या पुन्हा पाण्यात घालतात, तो याच नियमाचा सण आहे. म्हणजे श्रावणात कोणी विचारले असते की मुंबईहून अरबस्तान किती लांब, तर खरे उत्तर ‘आता नाही, नंतर विचारा’ असेच होते.

हा नियम वाफेने मोडला. १८६२ मध्ये ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीची मुंबई ते बसरा टपालबोट सुरू झाली. कराची, मस्कत, बहारीन अशी बंदरे घेत ती जाई. सुरुवातीला फेऱ्या थोड्या होत्या, पुढे त्या वाढत गेल्या. वारा कुठलाही असो, बोट ठरल्या दिवशी सुटे. पाण्याची वाट आठवडा-दीड आठवड्यावर आली. दोनच वर्षांनी, १८६४ मध्ये, आखाताच्या तळाशी तारेची केबल पडली आणि बातमी माणसाच्या पुढे धावू लागली.

ही बोट आपल्या लोकांच्या आठवणीत दीर्घकाळ राहिली. आखातात नोकरीला जाणारी पहिली पिढी डेकवर वळकटी टाकून याच मार्गाने गेली. ८ एप्रिल १९६१ रोजी या मार्गावरच्या ‘दारा’ बोटीवर दुबईजवळ स्फोट झाला आणि २३८ माणसे गेली. शेवटची बोट ‘द्वारका’. ती १९८२ पर्यंत चालत होती. म्हणजे विमाने नियमित उडू लागल्यानंतरही कितीतरी वर्षे, ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे कमी आणि सामान जास्त, त्यांची वाट समुद्रातूनच होती.

वाळूच्या वाटेत मात्र शतकभर काही फरक पडला नाही. बहारीनहून पडावाने उकैरला यायचे, तिथून उंटाच्या काफिल्याने होफूफमार्गे रियाध. किनाऱ्यापासून आठ-दहा दिवस धरावे लागत. हा तुकडा खऱ्या अर्थाने लहान झाला तो ऑक्टोबर १९५१ मध्ये, दम्माम–रियाध रेल्वे सुरू झाली तेव्हा.

१९३२ चे तीन आठवडे

आपल्या विषयाच्या दृष्टीने १९३२ चा शरद ऋतू मोठा गमतीचा आहे. २३ सप्टेंबर १९३२ रोजी ‘सौदी अरेबियाचे राज्य’ या नावाची घोषणा झाली. आजही आपल्याला त्या तारखेची सुटी मिळते. त्यानंतर तीन आठवडेसुद्धा झाले नाहीत तोच, लंडनहून हिंदुस्थानकडे येणाऱ्या इंपिरियल एअरवेजच्या विमानांनी इराणचा किनारा सोडून आखाताचा अरबी किनारा धरला. ऑक्टोबरमध्ये शारजाच्या वाळूत पहिले विमान उतरले. आणि १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका छोट्या पस मॉथ विमानातून निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूच्या मैदानावर उतरले.

या तीन घटनांचा एकमेकींशी ठरवून केलेला संबंध नव्हता. पण त्यांचा मिळून परिणाम असा झाला की अरबी किनाऱ्यावरची टपालाची थैली शारजाहून कराचीला आणि कराचीहून मुंबईला हवेतून येऊ शकू लागली. माणसाच्या आधी त्याचे पत्र उडाले.

रियाध तेव्हाही तटबंदीच्या आत होते. विमानाचे युग इथे आले ते १९४५ मध्ये. त्या वर्षी फेब्रुवारीत राजे अब्दुलअझीझ आणि अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांची सुएझ कालव्याच्या वाटेवरच्या सरोवरात एका युद्धनौकेवर भेट झाली, आणि त्यानंतर रूझवेल्ट यांनी एक डीसी-३ विमान भेट दिले. सौदी विमानसेवेचा आरंभ याच विमानापासून मानतात. आपल्याकडे ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेले. १९६० मध्ये जेट आले. पाणी आणि वाळू यांतला फरक आता खालच्या खाली राहिला.

दोन हट्टी घड्याळे

वेळ मोजायची तर घड्याळ एक हवे. इथेही ही दोन शहरे हट्टी होती.

हिंदुस्थानची प्रमाणवेळ १९०६ मध्ये ठरली, पण मुंबईने ती मनापासून स्वीकारली नाही. शहरात ‘मुंबई टाइम’ वेगळा चाले, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. हा प्रकार १९५५ पर्यंत टिकला. इकडे सौदीत सूर्यास्ताला बारा वाजले असे धरून रोज घड्याळ लावण्याची पद्धत होती. दिवस मावळेल तशी घड्याळे पुढेमागे करायची. नमाजाच्या वेळा आणि शेतीची कामे यांना ही पद्धत सोयीची होती, पण विमानाच्या वेळापत्रकाला ती कशी चालणार? प्रमाणवेळ इथे रुळली ती १९६० च्या दशकात.

आज आपण अडीच तासांचा फरक धरतो. प्रत्यक्षात सूर्य मुंबईनंतर पावणेदोन तासांनी रियाधला येतो, कारण दोन्ही शहरांत सव्वीस रेखांशांचे अंतर आहे आणि एका रेखांशाला चार मिनिटे लागतात. उरलेला पाऊण तास माणसांनी ठरवलेल्या वेळेचा आहे. डिसेंबरात मुंबईकर नातेवाईक सकाळी सातला फोन करतात तेव्हा त्यांच्याकडे नुकतेच उजाडत असते आणि आपल्याकडे घड्याळात साडेचार वाजलेले असतात. ही तक्रार ओळखीची वाटेल.

आजचे चार तास

आता आजचा हिशेब. मुंबईहून येताना साधारण सव्वाचार ते साडेचार तास लागतात, जाताना पावणेचार ते चार. हा फरक का? उंचावर बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे वाहतात. समजा विमानाचा हवेतला वेग तासाला ८४० किलोमीटर आहे आणि वारा ६० चा. येताना तो समोरून येतो, वेग ७८० उरतो आणि २,७७० किलोमीटरला तीन तास तेहेतीस मिनिटे लागतात. जाताना तो पाठीशी असतो, वेग ९०० होतो आणि तेच अंतर तीन तास पाच मिनिटांत कापले जाते. उड्डाण, उतरणे, धावपट्टीवरची रांग आणि मार्गाची वळणे हे वर मिळवा, म्हणजे तिकिटावरचा वेळ मिळतो. हिवाळ्यात हे पश्चिमी वारे जोरात असतात, म्हणून तेव्हा फरक जास्त जाणवतो. शिडाच्या जहाजांना खालचा वारा छळत होता, आपल्याला वरचा. पण आता छळ अर्ध्या तासाचाच.

मात्र हा विमानतळ ते विमानतळ हिशेब झाला. आपल्यातले बरेच जण मुंबईचे नाहीत. कोकणातल्या खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या भागांतून आखातात जाण्याची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीहून मुंबई सुमारे ३४० किलोमीटर. रस्त्याने आठ-दहा तास, आणि पावसाळ्यात घाटात काय होईल ते सांगता येत नाही. म्हणजे या प्रवासातला सर्वांत छोटा तुकडा सर्वांत जास्त वेळ खातो. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा ठाण्या-मुंबईपेक्षा आखातातल्या घरांनी कमी आनंद मानला नसेल. मुंबई–गोवा महामार्गाचे चौपदरीकरण मात्र दशकाहून अधिक काळ रेंगाळले आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. कोकणाकडून येणाऱ्याला तो पनवेलजवळच, मुंबईची गर्दी लागायच्या आधी मिळतो. तिथून रियाधची विमाने नियमित झाली तर चार तासांतले एक मिनिटही कमी होणार नाही, पण घर ते घर हा प्रवास दोन तासांनी तरी घटेल.

बत्हा

रियाधच्या बाजूचे टोक बत्हा. अरबीत बत्हा म्हणजे पावसाळी ओढ्याचे पसरट, वाळू-खडीचे पात्र. जुन्या रियाधच्या पूर्वेला असा ओढा उत्तर-दक्षिण वाहत होता. १९५० च्या सुमारास तटबंदी पाडली गेली, शहर बाहेर पसरले, ओढ्यावर रस्ता झाला आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाजार वाढला. मस्मक किल्ला आणि मुरब्बा राजवाडा, दोन्ही इथून जवळ. म्हणजे राज्याच्या इतिहासाची जागा आणि परदेशी कामगाराची जागा एकमेकींच्या शेजारी आहेत.

१९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, बांधकामे निघाली आणि भारतीय उपखंडातून माणसे येऊ लागली, तेव्हा बत्हा त्यांचे पहिले ठिकाण झाले. स्वस्त खोली, ओळखीची भाषा, पैसे पाठवायचे दुकान, भाषांतराचे दुकान, सामान पाठवायचे कार्गोवाले, आणि फोनची केबिन. पत्राला दोन-तीन आठवडे लागत. ज्यांना लिहिता येत नव्हते ते कॅसेटमध्ये बोलून ती गावी जाणाऱ्याच्या हाती देत. घरचे ती लावून ऐकत आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचे भरून परत पाठवत. शुक्रवारी बत्ह्यात येण्याचे एक मोठे कारण हेच होते. गावाहून आज कोण आले आहे, आणि उद्या कोण जाणार आहे?

१९८३ मध्ये शहराजवळचा जुना विमानतळ जाऊन उत्तरेला सुमारे ३५ किलोमीटरवर किंग खालिद विमानतळ सुरू झाला. बत्ह्यापासून विमान लांब गेले. ते पुन्हा जवळ आले १ डिसेंबर २०२४ रोजी, मेट्रो सुरू झाल्यावर. आता विमानतळावरून पिवळ्या मार्गिकेने राजा अब्दुल्ला वित्तीय केंद्रापर्यंत यायचे आणि तिथे निळी, म्हणजे ओलया–बत्हा मार्गिका धरायची. नव्याने आलेला मुलगा टॅक्सीवाल्याशी घासाघीस न करता बत्ह्यात उतरू शकतो, ही गोष्ट आपल्या पहिल्या पिढीला खरी वाटली नसती.

कागदाची वाट

आतापर्यंत वारा, वाफ, उंट, रेल्वे आणि जेट यांचे बोललो. पण गेल्या पन्नास वर्षांत मुंबई–रियाध अंतर ठरवणारी मोठी गोष्ट इंजिन नव्हे. ती परवानगी आहे.

१९९० चे उदाहरण घ्या. कुवेत ते मुंबई हवाई अंतर रियाधइतकेच आहे. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले आणि आकाश बंद झाले. तिथल्या भारतीयांना बसने बगदाद आणि तिथून जॉर्डनमधल्या अम्मानपर्यंत जावे लागले. म्हणजे घराकडे पाठ करून वाळवंट ओलांडायचे, आणि मग मुंबईचे विमान धरायचे. एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून एक लाखाहून अधिक माणसे आणली. पण चार तासांच्या वाटेला कित्येकांना तीन-चार आठवडे लागले.

दुसरे उदाहरण सर्वांच्या आठवणीतले. मार्च २०२० मध्ये विमाने थांबली. मे महिन्यात ‘वंदे भारत’ची उड्डाणे सुरू झाली, रियाधहून पहिले विमान ८ मे रोजी कोळिकोडला गेले. परत येण्याचा प्रश्न त्याहून अवघड झाला. भारतातून थेट प्रवेश बंद होता. नियम असा होता की यायचे तर आधी एखाद्या परवानगी असलेल्या तिसऱ्या देशात १४ दिवस काढायचे. २०२१ मध्ये आपली माणसे नेपाळ, मालदीव अशा ठिकाणी हॉटेलात पंधरवडा बसून रियाधला आली. खर्च तिकिटाच्या कितीतरी पट. आणि वेळ? १८६२ च्या आगबोटीलाही मुंबईहून आखातात यायला याहून कमी दिवस लागत. ही अट १ डिसेंबर २०२१ पासून उठली आणि १ जानेवारी २०२२ पासून दोन्ही देशांमधली विमाने ठरलेल्या व्यवस्थेखाली पुन्हा थेट उडू लागली.

या मोठ्या प्रसंगांत सगळे एकत्र अडकतात. रोजच्या दिवसांत मात्र परवानगी माणसागणिक बदलते. बत्ह्यात अंतराचे शब्द किलोमीटरचे नाहीत, ते इकामा, कफील आणि खुरूज-औदा हे आहेत. देशाबाहेर जाऊन परत येण्याचा हा परवाना दीर्घकाळ मालकाच्या संमतीवर अवलंबून होता. आई आजारी असल्याचा फोन आला, तिकिटाचे पैसे हातात आहेत, विमानात जागा आहे, पण मालक गावाला गेला आहे, अशा वेळी चार तासांची वाट किती लांबची होते, ते ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. सॅडलियर उंटवाल्याची वाट पाहत होता, हा माणूस सहीची वाट पाहतो.

१४ मार्च २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या बऱ्याच कामगारांना हा परवाना मालकाच्या संमतीशिवाय, सरकारी ॲपवरून स्वतः काढता येऊ लागला. माझ्या मते मुंबई–रियाध अंतराच्या इतिहासात ही तारीख १५ ऑक्टोबर १९३२ च्या शेजारी लिहायला हवी. पण त्या सुधारणेतून घरकामगार, खासगी ड्रायव्हर, माळी, शेतमजूर आणि मेंढपाळ वगळले गेले. ज्यांची घरे बहुधा सर्वांत आतल्या गावांत असतात, त्यांच्यासाठी वाट सर्वांत कमी आखडली.

परतीच्या शेवटच्या प्रवासाबद्दलही बोलायला हवे. दिवाळी अंकात हा विषय नको असे काहींना वाटेल, पण तो टाळला तर लेख अपुरा राहील. इथे कोणी दगावले तर हिंदू पद्धतीने दहनाची सोय नाही. देह गावी न्यायचा तर मृत्यूचा दाखला, घरच्यांचे संमतीपत्र, दूतावासाचे ना-हरकत पत्र, पोलीस आणि इकाम्याचे कागद, विमानाच्या कार्गोची नोंदणी, हे सगळे एकामागून एक होते. त्यात आठवडे जातात, आणि अपघात किंवा देण्याघेण्याचा वाद असेल तर महिने. गावात दारात माणसे बसलेली असतात आणि विमान मात्र चार तासांचेच असते. अशा वेळी कागद कुठल्या खिडकीवर, कोणत्या क्रमाने न्यायचे हे माहीत असलेला एक माणूस जेवढे दिवस वाचवतो, तेवढे कुठलेही नवे विमान वाचवू शकत नाही. बत्ह्यात अशी माणसे नेहमी राहिली आहेत, बहुतेक नावाशिवाय.

आपल्याकडची कागदपत्रे

सॅडलियरच्या चार महिन्यांचा हिशेब आपल्याला मिळतो, कारण त्याने रोजनिशी लिहिली आणि ती छापली गेली. ‘द्वारका’च्या डेकवरून आलेल्या, पहिल्या जेटमध्ये सूटकेसला दोरी बांधून चढलेल्या आपल्या माणसांनी रोजनिशा लिहिल्या नाहीत. त्यांचा इतिहास जुन्या पासपोर्टांच्या शिक्क्यांत आहे. निघाल्याची तारीख, पोचल्याची तारीख, आणि दोन सुट्यांमधली वर्षे. ती पिढी आता गावी परतली आहे किंवा परतते आहे. बत्ह्यातल्या जुन्या इमारतीही हळूहळू बदलत आहेत.

म्हणून वाचकांना एक विनंती. या दिवाळीला गावी जाणार असाल तर कपाटातला वडिलांचा, काकांचा, मामाचा जुना पासपोर्ट काढा. त्यांच्याजवळ बसून विचारा : कुठून बसलात, कुठे उतरलात, किती दिवस लागले, वाटेत कुठे अडकलात, आणि घरी पहिला निरोप कधी पोचला? तारखा लिहून घ्या आणि पुढच्या अंकासाठी पाठवा. नकाशावर हे अंतर सर्वांना सारखेच दिसते. प्रत्येकाला ते किती पडले, हे मात्र त्या तारखांवरूनच कळेल.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. जे गावी जात आहेत त्यांना पाठीशी वारा मिळो, आणि जे इथेच आहेत त्यांचा फोन पहिल्या प्रयत्नात लागो.